सॅल्मन पी. चेस

सॅल्मन पोर्टलंड चेस (१३ जानेवारी १८०८ – ७ मे १८७३) हे एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन वकील, राजकारणी व न्यायाधीश होते. ओहायो राज्याचे सिनेटर व गव्हर्नर, अब्राहम लिंकन यांच्या मंत्रिमंडळातील अर्थमंत्री (१८६१–१८६४) आणि अमेरिकेचे सहावे सरन्यायाधीश (१८६४–१८७३) ही पदे त्यांनी भूषविली. कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ आणि न्यायमंडळ या शासनाच्या तिन्ही शाखांत इतक्या वरच्या जागा मिळालेली माणसे अमेरिकेच्या इतिहासात थोडी आहेत. चेस यांना मात्र आयुष्यभर ओढ होती ती राष्ट्राध्यक्षपदाची, आणि तेवढे एक पद त्यांना कधीच मिळाले नाही.

यादवी युद्धाच्या खर्चासाठी अमेरिकेच्या केंद्र सरकारने काढलेले कागदी चलन चेस अर्थमंत्री असताना अस्तित्वात आले. आठ वर्षांनी सरन्यायाधीश म्हणून त्यांनीच ते चलन घटनाबाह्य ठरविले. या विसंगतीमुळे, तसेच पक्षांतरांमुळे, ‘संधिसाधू’ हा शिक्का त्यांच्यावर बसला. तथापि कृष्णवर्णीय माणसाला कायद्यापुढे गोऱ्या माणसाच्या बरोबरीचे स्थान मिळाले पाहिजे, हे त्यांनी तरुणपणी घेतलेले मत शेवटपर्यंत सोडले नाही. त्यांच्या कारकिर्दीचा विचार या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवूनच करावा लागतो.

पूर्वायुष्य व शिक्षण

चेस यांचा जन्म न्यू हॅम्पशायर राज्यातील कॉर्निश या गावी झाला. वडील इथामार चेस १८१७ मध्ये वारले आणि मोठ्या कुटुंबाचा भार आई जॅनेट यांच्यावर पडला. सॅल्मन यांना ओहायोत काकांकडे धाडण्यात आले. काका फिलँडर चेस हे तेथील एपिस्कोपल चर्चचे बिशप. त्यांची शिस्त कडक होती. त्यांच्या घरी गेलेल्या वर्षांनी चेस यांच्या स्वभावात धर्मनिष्ठा, काटेकोरपणा आणि स्वतःच्या सदाचाराविषयीची काहीशी फाजील जाणीव रुजविली. ही जाणीव पुढे सहकाऱ्यांना बरीच जाचली.

१८२६ मध्ये डार्टमाउथ महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर ते राजधानी वॉशिंग्टन येथे आले. तेथे मुलांची शाळा चालवीत असतानाच तत्कालीन महान्यायवादी विल्यम वर्ट यांच्याकडे त्यांनी कायद्याचा अभ्यास केला. १८२९ मध्ये वकिलीची सनद मिळाली आणि पुढच्याच वर्षी ते ओहायोतील सिनसिनाटी शहरी स्थायिक झाले. ओहायो राज्याच्या कायद्यांचे त्यांनी सिद्ध केलेले तीन खंडांचे संकलन १८३३ ते १८३५ या काळात प्रसिद्ध झाले. नवख्या वकिलाचे नाव राज्यभर पोचले ते या कष्टाळू कामामुळे.

त्यांचे कौटुंबिक जीवन दुःखाचे होते. १८३४ ते १८४६ या काळात त्यांचे तीन विवाह झाले आणि तिन्ही पत्नी अल्पवयात वारल्या. सहा मुलींपैकी केट आणि नेटी या दोघीच मोठ्या झाल्या.

‘फरारी गुलामांचे महान्यायवादी’

सिनसिनाटी हे ओहायो नदीच्या उत्तर तीरावरील शहर. नदीपलीकडील केंटकी राज्यात गुलामगिरी कायदेशीर होती, अलीकडे ती नव्हती. त्यामुळे नदी ओलांडून पळून येणारे गुलाम आणि त्यांचा माग काढीत येणारे मालक हे तेथील नित्याचे दृश्य होते. शहराचा व्यापार दक्षिणेवर अवलंबून असल्याने प्रतिष्ठित नागरिकांची सहानुभूती बहुधा मालकांकडे असे. १८३६ मध्ये जेम्स बर्नी यांच्या गुलामगिरीविरोधी वृत्तपत्राच्या छापखान्यावर जमावाने हल्ला केला. बर्नी यांच्या शोधात जमाव एका हॉटेलाच्या दारापर्यंत आला, तेव्हा ती वाट चेस यांनी अडवून धरली. तोवर ते गुलामगिरीविरोधी चळवळीत नव्हते. कायद्याच्या राज्यात जमावाने मुद्रणस्वातंत्र्य पायदळी तुडवावे याची त्यांना चीड आली होती, आणि या चिडीतूनच ते चळवळीकडे वळले.

पुढच्या वर्षी मटिल्डा या तरुणीचा खटला उभा राहिला. मालकासोबत मिसूरीकडे जाताना ती सिनसिनाटीत त्याला सोडून गेली होती आणि बर्नी यांच्या घरी मोलकरीण म्हणून काम करीत होती. ती पकडली गेल्यावर तिचे वकीलपत्र चेस यांनी घेतले. गुलामगिरी ही निसर्गाच्या नियमाविरुद्ध असून ती केवळ एखाद्या राज्याच्या कायद्याच्या आधाराने जगते. त्या राज्याच्या सीमेबाहेर मालकाच्या संमतीने आलेला गुलाम मुक्तच होतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो मानला नाही आणि मटिल्डाला मालकाच्या हवाली करण्यात आले. तिला आश्रय दिल्याबद्दल बर्नी यांच्यावरही खटला झाला. त्यात झालेली शिक्षा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तांत्रिक कारणावरून रद्द केली. चेस यांनी मटिल्डाच्या खटल्यातील आपले भाषण पुस्तिकेच्या रूपाने छापून घेतले.

दुसरा प्रसिद्ध खटला जॉन व्हॅन झँट या वृद्ध शेतकऱ्याचा. १८४२ मध्ये केंटकीतून पळालेल्या नऊ गुलामांना त्याने आपल्या गाडीत घेतले होते. मालकाने नुकसानभरपाईचा दावा लावला आणि तो थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तेथे चेस यांच्या जोडीला न्यूयॉर्कचे विल्यम सेवर्ड होते. पुढे हेच दोघे एका मंत्रिमंडळात एकमेकांचे प्रतिस्पर्धी म्हणून बसले. १८४७ मध्ये न्यायालयाने एकमताने व्हॅन झँटविरुद्ध निर्णय दिला. हॅरिएट बीचर स्टो यांच्या ‘अंकल टॉम्स केबिन’ या कादंबरीतील जॉन व्हॅन ट्रॉम्प हे पात्र याच शेतकऱ्यावरून बेतलेले आहे.

असे खटले चेस बहुतेक वेळा हरले. त्यांचे महत्त्व निकालांत शोधण्यात अर्थ नाही. राज्यघटनेच्या कर्त्यांनी गुलामगिरीला राष्ट्रीय मान्यता दिलेलीच नाही, स्वातंत्र्य हा देशाचा नियम असून गुलामगिरी हा स्थानिक अपवाद आहे, ही त्यांची मांडणी महत्त्वाची ठरली. त्याआधीचे अनेक कडवे गुलामगिरीविरोधक राज्यघटनेलाच पापाचा करार मानून तिच्याकडे पाठ फिरवीत. चेस यांनी तीच राज्यघटना हाती घेऊन लढता येते हे दाखविले, आणि त्यामुळे नैतिक चळवळीला राजकीय पक्षाचे रूप घेणे शक्य झाले. विरोधकांनी त्यांना हेटाळणीने ‘फरारी गुलामांचे महान्यायवादी’ म्हटले. ते बिरुद त्यांनी अभिमानाने मिरविले. १८४५ मध्ये सिनसिनाटीच्या कृष्णवर्णीय नागरिकांनी वर्गणी काढून त्यांना चांदीचा चंबू भेट दिला. त्या प्रसंगी केलेल्या भाषणात कृष्णवर्णीयांना मताधिकार नाकारणे चूक आहे असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. त्या काळच्या ओहायोत असे बोलणे राजकीयदृष्ट्या आत्मघाताचेच होते.

सिनेट आणि गव्हर्नरपद

१८४१ पासून चेस लहानशा लिबर्टी पक्षात होते. १८४८ मध्ये बफेलो येथे फ्री सॉइल पक्ष स्थापन झाला, त्याचा जाहीरनामा घडविण्यात त्यांचा मोठा हात होता. नव्या प्रदेशांत गुलामगिरी पसरू द्यायची नाही, हे या पक्षाचे मुख्य सूत्र.

१८४९ मध्ये ते सिनेटवर निवडून आले ते एका सौद्यातून. त्या वेळी सिनेटर राज्याच्या विधिमंडळाकडून निवडले जात. ओहायोच्या विधिमंडळात दोन्ही मोठे पक्ष तुल्यबळ झाल्याने फ्री सॉइलच्या मूठभर सदस्यांच्या हाती तराजू आला. त्यांनी डेमोक्रॅटिक पक्षाला विधिमंडळातील वादग्रस्त जागा आणि न्यायाधीशपदे मिळवून दिली आणि त्या बदल्यात दोन गोष्टी पदरात पाडून घेतल्या: चेस यांची सिनेटवरील निवड आणि राज्यातील ‘काळ्या कायद्यां’पैकी बहुतेकांची रद्दी. या कायद्यांनुसार कृष्णवर्णीयांना राज्यात राहण्यासाठी जामीन द्यावा लागे आणि गोऱ्या माणसाविरुद्ध साक्ष देता येत नसे. हजारो लोकांच्या पायांतली बेडी या सौद्याने तुटली, आणि चेस यांची महत्त्वाकांक्षाही त्याच सौद्याने पुरी झाली. ओहायोतील व्हिग पक्षीयांना यातले दुसरेच तेवढे लक्षात राहिले, आणि त्याची किंमत चेस यांना १८६० मध्ये मोजावी लागली.

सिनेटमध्ये त्यांनी १८५० च्या तडजोडीला व तिच्यातील फरारी गुलामांविषयीच्या कायद्याला विरोध केला. जानेवारी १८५४ मध्ये कॅन्सस–नेब्रास्का विधेयकाविरुद्ध त्यांनी चार्ल्स सम्नर, जोशुआ गिडिंग्ज आदींसह ‘स्वतंत्र डेमोक्रॅटांचे आवाहन’ प्रसिद्ध केले. या पत्रकाने उत्तरेत संतापाची लाट उसळली आणि तिच्यातून रिपब्लिकन पक्ष उभा राहिला. १८५५ मध्ये चेस ओहायोचे गव्हर्नर म्हणून निवडून आले आणि १८५७ मध्ये पुन्हा.

गव्हर्नरपदाच्या पहिल्याच महिन्यात मार्गारेट गार्नर प्रकरण घडले. जानेवारी १८५६ मध्ये गोठलेली ओहायो नदी ओलांडून एक कुटुंब सिनसिनाटीत आले. पाठलाग करणाऱ्यांनी घराला वेढा घातल्यावर मार्गारेटने आपल्या लहान मुलीचा गळा चिरला, तिला पुन्हा गुलामगिरीत जाऊ द्यायचे नाही म्हणून. खुनाचा खटला ओहायोत चालला असता तर निदान मार्गारेट राज्यात राहिली असती. पण संघराज्याच्या अधिकाऱ्याने फरारी गुलामांच्या कायद्यानुसार तिला मालकाच्या ताब्यात दिले. चेस यांनी केंटकीच्या गव्हर्नरकडे तिच्या प्रत्यार्पणाची मागणी केली. तिला मान्यता मिळेपर्यंत मालकाने मार्गारेटला दूर दक्षिणेकडे पाठवून दिले होते. चेस यांनी अधिक ठामपणे हस्तक्षेप करायला हवा होता, ही टीका त्यांच्यावर तेव्हाही झाली आणि आजही होते. टोनी मॉरिसन यांच्या ‘बिलव्हेड’ (१९८७) या कादंबरीमागे हीच घटना आहे.

१८६० ची उमेदवारी

१८६० मध्ये शिकागो येथे भरलेल्या रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनात चेस राष्ट्राध्यक्षपदाचे एक प्रमुख इच्छुक होते. मात्र स्वतःच्या राज्यातील प्रतिनिधीही त्यांच्यामागे एकदिलाने उभे नव्हते. पहिल्या फेरीत त्यांना ४९ मते मिळाली. सेवर्ड यांना १७३.५ आणि लिंकन यांना १०२. तिसऱ्या फेरीअखेर लिंकन विजयापासून केवळ दीड मत दूर होते. तेव्हा ओहायोच्या एका प्रतिनिधीने उठून चार मते चेस यांच्याकडून लिंकन यांच्याकडे जात असल्याचे जाहीर केले, आणि लिंकन यांची उमेदवारी निश्चित झाली.

अर्थमंत्रिपद

लिंकन यांनी आपले बहुतेक प्रतिस्पर्धी मंत्रिमंडळात घेतले. सेवर्ड यांच्याकडे परराष्ट्र खाते आणि चेस यांच्याकडे अर्थ खाते आले. चेस नुकतेच पुन्हा सिनेटर झाले होते. ती जागा दोन दिवसांत सोडून मार्च १८६१ मध्ये ते मंत्री झाले. अर्थकारणाचा त्यांना विशेष अनुभव नव्हता. महिनाभरात यादवी युद्ध सुरू झाले.

सरकारची अडचण मोठी होती. केंद्राचा महसूल मुख्यतः आयातकरातून येई आणि तो युद्धाला मुळीच पुरणारा नव्हता. न्यूयॉर्क, बॉस्टन व फिलाडेल्फिया येथील बँकांनी १८६१ च्या उन्हाळ्यात कर्ज देऊ केले. ते सोन्याच्या नाण्यांतच मिळाले पाहिजे, असा चेस यांनी आग्रह धरला. कागदी पैशाविषयी त्यांना मनापासून अविश्वास होता. बँकांच्या तिजोऱ्या रित्या होत गेल्या आणि डिसेंबर १८६१ च्या अखेरीस त्यांनी नोटांच्या बदल्यात सोने देणे थांबविले. लवकरच सरकारलाही तेच करावे लागले.

यावर उपाय म्हणून नोटांनाच वैध चलन ठरविण्याचे विधेयक काँग्रेसपुढे आले. कर्जफेडीदाखल अशी नोट पुढे केली तर ती नाकारता येणार नाही, हा त्याचा अर्थ. चेस यांनी प्रथम नापसंती दर्शविली. परंतु दुसरा मार्ग दिसेना, तेव्हा हे आवश्यक असल्याचे त्यांनी काँग्रेसच्या समितीला लेखी कळविले. २५ फेब्रुवारी १८६२ रोजी कायदा झाला आणि १५ कोटी डॉलरच्या नोटा काढण्याची परवानगी मिळाली. पुढील कायद्यांनी ही मर्यादा ४५ कोटींपर्यंत वाढविली. नोटांची मागची बाजू हिरव्या शाईने छापलेली असल्याने लोक त्यांना ‘ग्रीनबॅक’ म्हणू लागले. या नोटांनी सैनिकांचे पगार भागविले, तसेच महागाईही वाढविली. आयातकर आणि कर्जरोख्यांचे व्याज सोन्यातच द्यायचे असल्याने सोन्याची मागणी टिकून राहिली आणि नोटेचा भाव युद्धाच्या बातम्यांबरोबर खालीवर होऊ लागला. सोन्यातील सट्टा रोखण्यासाठी जून १८६४ मध्ये चेस यांच्या पुढाकाराने एक कायदा झाला. त्याने भाव उलट भडकला आणि पंधरा दिवसांत तो मागे घ्यावा लागला. जुलै १८६४ मध्ये कागदी डॉलरची किंमत सोन्यात सुमारे ३५ सेंटपर्यंत घसरली होती.

एक डॉलरच्या नोटेवर चेस यांनी स्वतःचे चित्र छापून घेतले. सर्वसामान्यांच्या हातात सर्वाधिक खेळणारी नोट ती हीच, ही गोष्ट त्यांच्या टीकाकारांच्या नजरेतून सुटली नाही.

त्यांची अन्य कामे अधिक टिकाऊ ठरली. फिलाडेल्फियाचे सावकार जे कुक यांच्या मदतीने त्यांनी सरकारी कर्जरोखे सामान्य नागरिकांपर्यंत नेले. पाच वर्षांनंतर परत करता येणारे आणि वीस वर्षांत देय होणारे सहा टक्के व्याजाचे ‘फाइव्ह-ट्वेंटी’ रोखे वृत्तपत्रांतील जाहिराती व गावोगावचे दलाल यांच्यामार्फत विकले गेले, आणि त्यांतून सुमारे ५० कोटी डॉलर उभे राहिले. अमेरिकेतील पहिला केंद्रीय प्राप्तिकर आणि अंतर्गत महसुलाचे स्वतंत्र खाते यांची सुरुवातही याच काळातली.

१८६३ चा राष्ट्रीय बँक कायदा ही चेस यांची सर्वांत दूरगामी योजना म्हणावी लागेल. तोवर राज्याराज्यांतील दीड हजाराहून अधिक बँका आपापल्या नोटा काढीत. खऱ्या नोटांचेच हजारो प्रकार, त्यांत बनावट नोटांची भर. दुकानदाराला नोट घेताना ती कोणत्या बँकेची, खरी की खोटी, आणि तिला किती बट्टा, हे पुस्तिकेत पाहावे लागे. नव्या कायद्याने राष्ट्रीय बँकांना सरकारी कर्जरोखे तारण ठेवून एकसारख्या नोटा काढण्याची परवानगी दिली. देशाला एकसमान चलन मिळाले, आणि कर्जरोख्यांना हमखास गिऱ्हाईकही.

नाण्यांवर ईश्वराचा उल्लेख असावा, असे पत्र पेनसिल्व्हेनियातील एका धर्मोपदेशकाने १८६१ मध्ये त्यांना लिहिले होते. चेस यांनी टांकसाळीच्या संचालकाला त्यासाठी मजकूर तयार करण्यास सांगितले. ‘ईश्वरावर आमचा विश्वास आहे’ या अर्थाचे बोधवाक्य १८६४ मध्ये दोन सेंटच्या नाण्यावर प्रथम आले. अमेरिकेच्या नाण्यांवर आणि नोटांवर ते आजही आहे.

लिंकन यांच्याशी संबंध

गुलाममुक्तीच्या प्रश्नावर चेस मंत्रिमंडळात सर्वांत पुढे होते. १ जानेवारी १८६३ च्या मुक्तीच्या जाहीरनाम्यातील ईश्वरी कृपेची व मानवजातीच्या विचारपूर्वक निर्णयाची प्रार्थना करणारे शेवटचे वाक्य मूळ त्यांनी सुचविलेले आहे. त्या काळातील मंत्रिमंडळाच्या बैठकांविषयी त्यांची रोजनिशी इतिहासकारांना फार उपयोगी पडते.

मात्र लिंकन यांच्यापेक्षा आपण या पदाला अधिक लायक आहोत, हा समज त्यांना सोडता आला नाही. राष्ट्राध्यक्ष कोणाचा सल्ला घेत नाहीत आणि सेवर्ड त्यांना चुकीच्या वाटेने नेतात, असे ते सिनेटरांच्या कानी घालीत. डिसेंबर १८६२ मध्ये फ्रेडरिक्सबर्गच्या पराभवानंतर सिनेटरांनी सेवर्ड यांना काढण्याची मागणी केली. लिंकन यांनी सिनेटरांचे शिष्टमंडळ आणि मंत्रिमंडळ यांना समोरासमोर बसविले आणि सगळ्यांदेखत मंत्र्यांचे मत विचारले. चेस यांची पंचाईत झाली. खाजगीत केलेल्या तक्रारी तेथे उच्चारणे शक्य नव्हते, आणि मंत्रिमंडळात चर्चा होते हे त्यांना कबूल करावे लागले. दुसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा आणला. लिंकन यांनी तो त्यांच्या हातून जवळजवळ ओढूनच घेतला. सेवर्ड यांचा राजीनामा आधीच आलेला होता. आता थैलीच्या दोन्ही टोकांना एकेक भोपळा झाला, घोडा नीट चालेल, असे ते म्हणाल्याचे सांगतात. दोन्ही राजीनामे नामंजूर झाले.

फेब्रुवारी १८६४ मध्ये सिनेटर पोमरॉय यांचे एक पत्रक बाहेर फुटले. लिंकन पुन्हा निवडून येणे अशक्य असून चेस हेच योग्य उमेदवार आहेत, असे त्यात होते. पत्रकाचा परिणाम उलटा झाला. ओहायोतील रिपब्लिकनांनीही लिंकन यांना पाठिंबा जाहीर केला. त्यानंतर जूनमध्ये न्यूयॉर्कमधील एका नेमणुकीवरून वाद झाला आणि चेस यांनी पुन्हा राजीनामा पाठविला. याआधीचे राजीनामे परत आले होते, या वेळी ३० जून रोजी तो स्वीकारला गेला. चेस यांना ते अनपेक्षित होते.

सरन्यायाधीश

ऑक्टोबर १८६४ मध्ये सरन्यायाधीश रॉजर टॅनी वारले. कृष्णवर्णीय माणूस अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही, असे १८५७ च्या ड्रेड स्कॉट खटल्यात म्हणणारे न्यायाधीश ते हेच. त्यांच्या जागी लिंकन यांनी ६ डिसेंबर रोजी चेस यांचे नाव पाठविले आणि सिनेटने त्याच दिवशी ते मंजूर केले. गुलाममुक्ती आणि वैध चलनाचा कायदा या दोन बाबतींत ज्याची मते आधीच ठाऊक आहेत असा माणूस लिंकन यांना हवा होता. पहिल्या बाबतीत त्यांची अटकळ खरी ठरली.

१ फेब्रुवारी १८६५ रोजी मॅसॅच्युसेट्सचे जॉन रॉक यांना सर्वोच्च न्यायालयात वकिली करण्याची परवानगी मिळाली. तो मान मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय वकील. ठराव सम्नर यांनी मांडला आणि चेस यांनी तो मान्य केला. टॅनी यांना जाऊन चार महिनेही झाले नव्हते. १८६७ मध्ये मेरीलँडमधील सर्किट न्यायालयात चेस यांच्यापुढे एलिझाबेथ टर्नर या मुलीचे प्रकरण आले. मुक्त झालेल्या गुलामांच्या मुलांना ‘उमेदवारी’च्या नावाखाली जुन्याच मालकांकडे बांधून ठेवण्याची पद्धत तेथे रूढ झाली होती. गोऱ्या उमेदवारांना मिळणारे संरक्षण या मुलीला नाही, तेव्हा हा करार नागरी हक्कांच्या कायद्याचा आणि तेराव्या घटनादुरुस्तीचा भंग करतो, असे ठरवून चेस यांनी तिची सुटका केली. मटिल्डाच्या खटल्याला तीस वर्षे झाली होती.

१८६८ मध्ये राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्यावर महाभियोग चालला. राज्यघटनेनुसार सिनेटमधील सुनावणीचे अध्यक्षस्थान चेस यांच्याकडे होते. ही राजकीय बैठक नसून न्यायालयीन चौकशी आहे, असा त्यांचा आग्रह होता, आणि पुराव्याच्या ग्राह्यतेवर प्राथमिक निर्णय देण्याचा व मते समसमान झाल्यास निर्णायक मत देण्याचा हक्क त्यांनी बजावला. जॉन्सन एका मताने बचावले: दोषी ३५, निर्दोष १९. पूर्वीच्या मित्रांनी चेस यांच्यावर विश्वासघाताचा आरोप केला. त्यांच्या निष्पक्षपातामागे काय होते, यावर त्याच उन्हाळ्यात संशयाची छाया पडली. सरन्यायाधीशपदी असतानाच त्यांनी डेमोक्रॅटिक पक्षाची राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मिळविण्याचा प्रयत्न केला. न्यूयॉर्कमधील अधिवेशनात त्यांची कन्या केट हिने मोहिमेची सूत्रे सांभाळली. परंतु कृष्णवर्णीयांच्या मताधिकाराचा आग्रह सोडण्यास चेस तयार नव्हते आणि तो पक्ष ते स्वीकारणे शक्यच नव्हते. मतमोजणीत त्यांच्या नावावर अगदी मोजकी मते पडली. जो माणूस पदासाठी पक्ष बदलत होता, तोच त्या पदासाठी मताधिकाराची अट मात्र सोडत नव्हता.

१८६९ च्या टेक्सास विरुद्ध व्हाइट खटल्यातील चेस यांचा निर्णय त्यांचा सर्वाधिक उद्धृत केला जाणारा निर्णय आहे. संघराज्य अविनाशी आहे आणि त्यातील राज्येही अविनाशी आहेत, म्हणून कोणत्याही राज्याला एकतर्फी फुटून निघता येत नाही, असे त्यात म्हटले आहे. युद्धाने रणांगणावर जे ठरविले होते, त्याला येथे कायद्याची भाषा मिळाली.

वैध चलनाचे खटले

केंटकीतील हेपबर्न नावाच्या एका बाईंनी जून १८६० मध्ये ११,२५० डॉलरची वचनचिठ्ठी लिहून दिली होती. तिची मुदत २० फेब्रुवारी १८६२ रोजी, म्हणजे वैध चलनाच्या कायद्याच्या पाच दिवस आधी संपली. पुढे त्यांनी कर्ज ग्रीनबॅकमध्ये फेडू पाहिले. ग्रिझवोल्ड यांनी सोन्याच्या तोडीचा पैसा मागितला. कर्ज काढताना जो पैसा होता त्याच पैशात ते फिटले पाहिजे का, असा हा प्रश्न; आणि तो देशातील प्रत्येक जुन्या धनको-ऋणकोचा होता.

७ फेब्रुवारी १८७० रोजी चेस यांनी बहुमताचा निर्णय वाचून दाखविला. कायदा होण्याआधीच्या कर्जांना या नोटा लागू करणे घटनाबाह्य आहे, कारण त्यामुळे कराराचे मोल घटते आणि योग्य कायदेशीर प्रक्रियेविना माणसाची मालमत्ता हिरावली जाते. आपण अर्थमंत्री असताना याच कायद्याला संमती दिली होती, हे ते विसरले नव्हते. युद्धाच्या धामधुमीत अनेकांनी, मनात नसताना, आवश्यकता म्हणून हे मान्य केले. शांततेत विचार केल्यावर त्यांचे मत बदलले, असे त्यांनी निकालपत्रातच लिहिले. बाजू उलट असती तर हे म्हणणे पळवाटीचे ठरले असते. पण कागदी पैशाविषयीचा त्यांचा मूळ संशय १८६१ इतका जुना आहे. तेव्हा १८७० चे मत नवे नसून जुन्याच मताकडे परतणे आहे, असे म्हणणे अधिक रास्त होईल.

त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी दोन रिक्त जागांसाठी स्ट्राँग व ब्रॅडली यांची नावे सिनेटकडे पाठविली. १ मे १८७१ रोजी नॉक्स विरुद्ध ली खटल्यात न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी आधीचा निर्णय फिरविला. नवे दोन्ही न्यायाधीश बहुमतात होते आणि चेस अल्पमतात. कागदी चलन वैध ठरले ते कायमचे.

अखेरची वर्षे

ऑगस्ट १८७० मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. प्रकृती खालावलेली असतानाही ते न्यायासनावर बसत राहिले. एप्रिल १८७३ मध्ये स्लॉटर-हाउस खटल्यांत न्यायालयाने चौदाव्या घटनादुरुस्तीचा अर्थ फार संकुचित केला, तेव्हा चेस अल्पमतात होते. पुढच्याच दिवशी मायरा ब्रॅडवेल यांच्या खटल्याचा निकाल लागला. विवाहित स्त्री म्हणून इलिनॉय राज्याने त्यांना वकिलीची सनद नाकारली होती, आणि आठ न्यायाधीशांनी ते योग्य ठरविले. विरोधी मत एकट्या चेस यांचे. आजारपणामुळे त्यांना आपली कारणे लिहिता आली नाहीत. तीन आठवड्यांनी, ७ मे १८७३ रोजी न्यूयॉर्क येथे ते वारले. १८८६ मध्ये त्यांचे अवशेष वॉशिंग्टनहून सिनसिनाटीतील स्प्रिंग ग्रोव्ह दफनभूमीत हलविण्यात आले.

मराठी वाचकांना या वर्षाची एक वेगळीही ओळख आहे. जोतीराव फुले यांचे ‘गुलामगिरी’ हे पुस्तक १८७३ मध्येच प्रसिद्ध झाले आणि गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना त्यांनी ते अर्पण केले. चेस त्या लोकांपैकी एक होते.

अमेरिकेने लोकांत चालविण्यासाठी छापलेली सर्वांत मोठी नोट दहा हजार डॉलरची. तिच्यावर चेस यांचे चित्र होते, आणि ती १९६९ मध्ये बंद झाली. १८७७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्थापन झालेल्या चेस नॅशनल बँकेला राष्ट्रीय बँक कायद्याच्या आठवणीखातर त्यांचे नाव देण्यात आले. ते नाव आजच्या जेपीमॉर्गन चेस बँकेत टिकून आहे. त्या बँकेशी स्वतः चेस यांचा काहीही संबंध नव्हता.